लव्हिनियाची जागा

१४ सप्टेंबर २००३, रविवार. रेडमंड, अमेरिका

नवी वही. मुलाने, शंतनूने, इथल्या दुकानातून आणून दिली. कागद इतका गुळगुळीत आहे की शाई त्यावर बसायला लाजते.

येऊन आठवडा झाला. सुमित्रा गेल्यानंतरचा हा माझा पहिला मोठा प्रवास. विमानात दोनदा तरी शेजारी वळून "खिडकीतून बघ" असं म्हणायला गेलो. शेजारी एक लठ्ठ गृहस्थ तोंड उघडं टाकून झोपले होते. मुक्काम सहा महिने, सहा मार्चपर्यंत. शंतनू आणि सूनबाई रेणू सकाळी आठला दोन गाड्या काढून एकाच कंपनीच्या दोन इमारतींत जातात. मग घर, मी, आणि मागच्या लाकडी ओट्यावरची खुर्ची.

कुंपणापलीकडे एक जुनं घर आहे. आजूबाजूला सगळी नवी, एका साच्यातली घरं आणि मधे हे एकच, वर्गात उशिरा आलेल्या पोरासारखं खाली मान घालून उभं. मागे अर्धा एकर ब्लॅकबेरीचं काटेरी रान, माणूस बुडेल एवढं उंच. आज तिथून एक म्हातारी चाकांचा वॉकर ढकलत कुंपणापाशी आली.

"ए लिहिणाऱ्या! रोज काय लिहितोस?"

इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच, पण बाईंचा आवाज 'तू'चाच होता. डायरी, म्हणालो. मराठीत.

"हात बघू."

मी हात पुढे केला. भाजीवालीकडची गवार मोडून बघावी तशी त्यांनी माझी बोटं पाहिली. मग स्वतःचा हात दाखवला. तो सारखा थरथरत होता.

"गुरुवारी दहाला ये," म्हणाल्या. नाव एडना. वय चौऱ्याऐंशी, म्हणजे माझ्याहून बारा वर्षांनी मोठ्या. मी त्यांना एडनाबाई म्हणणार.

१८ सप्टेंबर, गुरुवार

एडनाबाईंना घराण्याचा इतिहास लिहून हवा आहे. खरं तर त्यांच्या पणजीचा. तिचं नाव लव्हिनिया. अठराशे बावन्न साली, एकोणीस वर्षांची असताना, नवरा आणि आठ महिन्यांची मुलगी घेऊन ती मिसूरीहून बैलांच्या गाडीतून निघाली. दोन हजार मैल. आधी ऑरेगन, आणि वीसेक वर्षांनी वर इथे, या दरीत, जेव्हा इथे दिवसासुद्धा अंधार वाटावा इतकी सिडारची झाडं होती. इथेच मेली. स्वतःच्या जमिनीत, घरामागे, पुरली.

"दगड नाही," बाई म्हणाल्या. "लाकडी क्रूस होता, तो मी जन्मायच्या आधीच कुजला. आजीने मला जागा दाखवली. दर मे महिन्याच्या अखेरीला आम्ही फुलं ठेवायचो. चार वर्षांपूर्वी माझं खुब्याचं हाड मोडलं, आणि तेवढ्यात काट्यांनी सगळं गिळलं. आता ती जागा ठाऊक असलेली जगात मी एकटी."

भाचा आहे, वॉल्टर, डोंगरांपलीकडे स्पोकेनला. बाईंच्या मागे तो हे विकणार. "विकू दे. भला माणूस आहे. तोंडी सांगितलेलं विसरतो, पण कागदावर असेल ते पाळतो. ती कुठे आहे ते कागदावर पाहिजे, बस्स."

टेपरेकॉर्डरचं विचारलं, तर म्हणाल्या, यंत्रासमोर माझी वाचा बसते, मला समोर चेहरा लागतो.

नोकरीचं विचारलं तेव्हा सांगितलं, मिरजेच्या सिटी सर्व्हे ऑफिसात चौतीस वर्षं कारकून होतो. लोकांच्या जागांच्या नोंदी. बाईंचा चेहरा उजळला. "म्हणजे जागा कशी लिहायची ते तुला कळतं!"

मी हसलो. जन्मभर तेच केलं. पूर्वेस अमुक, दक्षिणेस तमुक, लांबी इतकी, रुंदी तितकी. सही. शिक्का. हात तिथे होता, मन मात्र सातवीच्या वर्गात, जिथे आपटे मास्तर खिडकीत उभे राहून कविता म्हणत आणि बाहेरच्या चिंचेची पानंसुद्धा ऐकत. आकडे कारकुनाचे, चित्र कवीचं, असं ते म्हणत. चौतीस वर्षं मी आकड्यांची चाकरी केली. आता बहात्तराव्या वर्षी कुणीतरी माझ्याकडे एक गोष्ट घेऊन आलं आहे.

ठरलं ते असं. इंग्रजी मला समजतं, पण पटापट लिहिता येत नाही. म्हणून ऐकताना मराठीत उतरवायचं आणि मागाहून घरी इंग्रजीत स्वच्छ प्रत करायची.

२५ सप्टेंबर, गुरुवार

आज नदीचा प्रसंग. बाई सांगतात कशा, तर तार करावी तशा. "नदीला पाणी फार होतं. चार दिवस काठावर थांबले. तिसऱ्या दिवशी बाळ गेलं. पाचव्या दिवशी पार झाले." एवढंच! मी पुढची वाट पाहत राहिलो. बाई चहात बिस्कीट बुडवत होत्या.

घरी येऊन मी लिहिलं: 'नदी आपले दोन्ही काठ विसरली होती. पाण्यातून आकाश वाहत चाललं होतं, आणि आईच्या मांडीवर एक इवला श्वास किनारा शोधत होता.'

लिहिताना डोळे भरून आले. फार वर्षांनी असं काही हातून उतरलं.

संध्याकाळी रेणूला वाचून दाखवलं. ती कोथिंबीर निवडत होती.

"बाबा, बाळाला झालं काय होतं?"

"कॉलरा की जुलाब, असं काहीतरी म्हणाल्या बाई."

"मग ते कुठंय यात?"

"इवला श्वास किनारा शोधत होता. यात सगळं आलं."

"बाबा, यात जुलाब नाही आले."

शंतनू सोफ्यावरून ओरडला, "अगं यार रेणू, एन्जॉय करतायत ना ते. करू दे की."

"करू दे ना. मी फक्त विचारतेय की उद्या एडना मावशींच्या फॅमिलीला कळायला हवं की नको?"

रेणू हुशार आहे, पण तिच्या वेळेला शाळेत कविता पाठ करून घेणं बंद झालं होतं.

२ ऑक्टोबर, गुरुवार

बाईंना सर्दी. गेलो नाही. दिवसभर पाऊस.

९ ऑक्टोबर, गुरुवार

साठ पानं झाली. वाळवंट, हाडं पांढरी पडलेले बैल, वाटेत टाकून दिलेली शिसवी कपाटं. आज लव्हिनिया वळून मागे बघते तेव्हा कपाळावरची बट उलट्या मनगटाने मागे सारते. बाईंनी बटेचं काही सांगितलं नव्हतं. पण हातांना कणीक लागलेली असताना सुमित्रा अशीच सारायची. आणि कोणती बाई सारत नाही?

इंग्रजी प्रत अजून सुरू केली नाही. दोनदा बसलो. इंग्रजीत नदीचं ते वाक्य जमिनीवर पडलेल्या पतंगासारखं दिसतं.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

आजचा दिवस जपून ठेवावा असा. पाऊस उघडला आणि असं ऊन पडलं की दरी पितळेची वाटावी. सकाळी पाऊस म्हणून बाईंनी दहाऐवजी संध्याकाळी बोलावलं. म्हणाल्या, आज जागा सांगते. स्वयंपाकघराच्या मागच्या दारी आलो. पायरीवर वॉकर रोवून त्या उभ्या राहिल्या. पुढे ते काट्यांचं रान, आणि त्यावर पश्चिमेचं ऊन असं पसरलेलं, जणू कुणी हळदीचा हात फिरवला आहे.

बाई बोलत होत्या. पायरीच्या अमुक कडेपासून सुरुवात, पावलं आजीची धरायची, त्यांची नव्हेत, आजी ठेंगणी होती. मग इतकी सरळ, मग डावीकडे वळून इतकी. आकडे सांगत होत्या. मी उन्हाकडे पाहत होतो. ते हळूहळू मागे सरकत होतं, आणि एका ठिकाणी, एका उंच फांदीखाली, क्षणभर थबकलं. मला एकदम कळलं की हीच ती जागा. म्हणजे असायला हवी तर अशीच.

मी लिहिलं: 'दिवस मावळताना ऊन जिथे शेवटचं टेकतं, तिथे लव्हिनिया निजली आहे.'

"लिहिलंस?" बाईंनी विचारलं.

"लिहिलं."

"वाच."

मी मराठीतच वाचलं. त्यांनी डोळे बारीक करून ऐकलं. "कानाला बरं वाटलं. आकडे आले ना?"

"सगळं आलं," म्हणालो. इंग्रजी प्रत करताना पुन्हा विचारून घालीन. त्यात काय, बाई कुठे जातायत!

त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. "आता मी मोकळी," म्हणाल्या.

३० ऑक्टोबर, गुरुवार

लव्हिनियाचं म्हातारपण. सव्वाशे पानं. उद्या त्यांचं हॅलोविन, दारावर पोरं गोळ्या मागायला येणार, म्हणून बाईंनी गोळ्यांचं पातेलं भरून ठेवलं होतं. मलाही दोन दिल्या.

६ नोव्हेंबर, गुरुवार

दहाला गेलो. दार उघडेना. खिडकीतून वॉकर दिसला, आडवा. मला एक-शून्य-शून्य सुचला, मग आठवलं, इथे तो नंबर नाही. रेणूला फोन लावला, तिने तिकडून कुणाला तरी लावला. सहा मिनिटांत गाडी आली. जिवंत आहेत. पक्षाघात.

आज गुरुवार होता म्हणून कळलं, असं ते गणवेशातले लोक म्हणाले.

२२ नोव्हेंबर, शनिवार

बाई वाचल्या, पण वाचा गेली. उजवी बाजूही. आता त्या कायमच्या नर्सिंग होममध्ये राहणार, आणि त्या देखभालीसाठी घर आत्ताच विकावं लागतंय, असं वॉल्टरने सांगितलं. तो आज आला होता. साठीचा, लांब-रुंद, सफरचंदांची बाग असलेला माणूस. आपल्याकडच्या पैलवानांसारखा दार भरून आत येतो आणि खुर्चीवर मात्र भीत भीत बसतो.

म्हणाला, घेणारा बिल्डर सज्जन आहे. तो म्हणतो, कबरीची जागा दाखवा, तेवढं सोडून बांधतो, कुंपणही घालतो. पण जागा सखल आहे, फेब्रुवारीत भर पडेल. चार फूट माती, वर पार्किंग. एकदा भर पडली की संपलं. इथे खणणारच नाहीत, म्हणजे हाडं कधी हाताला लागायचीही नाहीत.

"आत्याने मला फोनवर सांगितलं होतं," तो म्हणाला, "की जागा मिस्टर मनोहरांनी लिहून ठेवली आहे."

मी वही काढली. रेणूने ते पान पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग इंग्रजीत वाचलं.

वॉल्टरने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "सुंदर आहे," म्हणाला. "कुठल्या महिन्यातलं ऊन?"

"ऑक्टोबर," मी म्हणालो.

"तुम्ही पाहिलंत, तिथे टेकताना?"

"हो. म्हणजे... सगळीकडेच टेकत होतं."

शंतनू मदतीला धावला. "बाबा, मी सूर्याचा अँगल कॅल्क्युलेट करतो. तारीख आहे, वेळ सांगा. कुठे उभे होता? ती फांदी किती उंच होती?" उंच होती, म्हणालो. "अंदाजे तरी?"

"आणि पावलं?" वॉल्टरने विचारलं. "मी सहा वर्षांचा असताना एकदा तिच्याबरोबर गेलो होतो. ती पुटपुटत पावलं मोजायची. तिने आकडे सांगितले असतील."

सांगितले होते. मी हो म्हणालो. तो माणूस चिडला असता तर बरं झालं असतं. "इट्स ओके, सर," म्हणाला. सर म्हणाला मला.

आमच्या ऑफिसात एका कारकुनाने मोजणीच्या कागदावर एक हद्द कोरी सोडली होती तर साहेबांनी त्याची वेतनवाढ अडवली होती. मी सगळ्याच सोडल्या.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

सुट्टीचा दिवस. वॉल्टरने बाईंना विचारून पाहिलं. दहा पावलं का? बाईंनी मान हलवली, हो. वीस का? हो. पन्नास? हो. पेन डाव्या हातात धरवत नाही, थरथर आहे ती आहेच. त्याने फोनवर हे सांगितलं आणि मग म्हणाला, रडत होती ती.

४ डिसेंबर, गुरुवार

रेणूने मला नर्सिंग होममध्ये सोडलं. बाई उशांना टेकून होत्या. माझी सवय म्हणून दहाच वाजता गेलो.

मी म्हटलं, लव्हिनिया, लव्हिनियाज प्लेस, आय विल रीड. आणि ते पान काढून त्यांना हळूहळू, सुरात वाचून दाखवलं.

बाईंनी डोळे उघडले. माझ्याकडे रोखून पाहिलं. मग डावा हात पांघरुणावर आला आणि एका बोटाने ठेका सुरू झाला. टक, टक, टक, अगदी एका लयीत. मग थांबल्या. यती. मग तो हात उचलून त्यांनी तसाच डावीकडे नेला, आणि पुन्हा ठेका. मी थक्क झालो. भाषा कळत नाही, पण छंद कळला! आपटे मास्तर बाकावर असाच ठेका धरत.

मीही वाचता वाचता त्यांच्याबरोबर बोट टेकवू लागलो. त्या थांबल्या, मान हलवली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मीही पुन्हा. तिसऱ्यांदा. माझ्या मनगटाला धरून त्यांनी हलवलंसुद्धा. एवढा आवेग! मग हात गळून पडला. डोळे मिटले, आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं.

माझ्या ओळीला याहून मोठी दाद कोण देणार? घरी येताना मन इतक्या दिवसांनी जरा हलकं होतं.

१२ डिसेंबर, शुक्रवार

रोज चारला कुंपणापाशी उभा राहतो. बाईंच्या मागच्या पायरीवरही जाऊन पाहिलं. ऊन कुठे टेकतं ते बघायचं. ऊनच नाही. अकरा दिवस झाले, ढग घरांच्या छपरांवर बसून आहेत.

२३ डिसेंबर, मंगळवार

आज चार वाजून दहा मिनिटांनी दहा मिनिटं ऊन आलं. छत्री टाकून धावलो. ऊन समोरच्या नव्या घराच्या गॅरेजच्या दारावर टेकलं. रानापर्यंत आलंच नाही.

१३ जानेवारी २००४, मंगळवार

वॉल्टरने पुरातत्त्वाची एक बाई आणली. तरुण, गमबूट घातलेली. तिच्याजवळ एक लांब लोखंडी सळई. म्हणाली, पूर्वी खणलेली माती आजही पोकळ लागते, हाताला कळतं. पण अर्धा एकर असा टोचत बसता येणार नाही; एक दिवस मिळाला आहे, काटे तोडून दोन पट्टे मोकळे केले आहेत. कुठून सुरू करू?

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी एक दिशा दाखवली. खरं सांगतो, देवाशपथ, मला ती दिशा आठवत नव्हती. मी दाखवली कारण ते वाट पाहत होते.

दिवसभर सळई मातीत गेली आणि बाहेर आली. एकदा ती थांबली, गुडघ्यावर बसली. सिडारचं कुजलेलं खोड निघालं. साडेचारला तिने हातमोजे काढले. "आय एम सॉरी," मला म्हणाली. तिने कशाला म्हणावं?

१४ जानेवारी, बुधवार

सकाळी चहा घेताना रेणूला म्हणालो, जागा हुकली ती हुकली, पण त्या दिवशी बाईंनी दाद मात्र दिली हो. आणि ठेक्याची हकीकत सांगितली. तिने कप खाली ठेवला.

"कशी टकटक, बाबा? किती?"

"किती म्हणजे? लयीत."

"किती वेळा? मोजलीत?"

"अगं, ठेका कोणी मोजतं का?"

"मधे थांबून हात डावीकडे नेला म्हणालात ना?"

"हो, यतीच्या जागी..."

"बाबा." ती माझ्याकडे बघत राहिली. इतकी सरळ, मग डावीकडे वळून इतकी.

तिने ऑफिस कॅन्सल केलं आणि ड्राइव्ह करत थेट नर्सिंग होम. बाईंच्या नाकाला नळी होती. न्यूमोनिया, दोन दिवसांपासून. मी त्यांचा डावा हात घेऊन पांघरुणावर ठेवला. ठेवला तिथेच राहिला. "मावशी," रेणू त्यांच्या कानाशी म्हणाली, आणि इंग्रजीत, पुन्हा एकदा सांगा, फक्त एकदा, मी मोजते.

तासभर बसलो. नंतर नर्सने उठवलं.

मी आठवायचा प्रयत्न करतो आहे. नऊ? अकरा? डोळे मिटतो तर आकडा येत नाही, लय येते. ती अगदी स्पष्ट आहे.

१६ जानेवारी, शुक्रवार

एडनाबाई पहाटे गेल्या.

२४ जानेवारी, शनिवार

चर्चमध्ये वॉल्टर माझ्याशेजारी येऊन बसला. म्हणाला, जागा नाही तर नाही, पण आत्याने सांगितलेला इतिहास तर तुमच्या वहीत आहे ना? दीडशे पानं? त्याचं इंग्रजी करून द्याल का? छापून सगळ्या घरच्यांना वाटतो. आमच्याकडे तिचं दुसरं काही नाही.

मी हो म्हणालो. तो माझा हात बराच वेळ धरून होता.

३ फेब्रुवारी, मंगळवार

घर पाडलं. एवढं जुनं घर, पण सकाळी सुरू केलं आणि जेवायच्या आत संपलं. मागची पायरी कुठे होती तेही आता सांगता यायचं नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

डंपर येतात, माती टाकतात, जातात. खिडकीचा पडदा ओढून बसलो तरी मागे घेताना ती गाडी जो आवाज करते तो येतोच.

१५ फेब्रुवारी, रविवार

इंग्रजी करायला रेणू बसली आहे माझ्याबरोबर. पहिल्याच पानावर तिने विचारलं, "हे त्यांचं की तुमचं?"

माझं, म्हणालो.

"मग ठेवायचं?"

लेखणीने रेघ मारली. पुढच्या वाक्याला पुन्हा तेच. आपटे मास्तर निबंधावर अशा रेघा मारत, पण ते चुकीच्या शब्दांवर. हे शब्द चुकीचे नाहीत, चांगले आहेत, काही तर फार चांगले आहेत. नदीचं वाक्य खोडताना रेणूच म्हणाली, "हे राहू दे का, बाबा? छान आहे." नको म्हणालो.

बट खोडली. त्या वेळी मात्र उठून हात धुऊन आलो.

काही वाक्यांपाशी मलाच सांगता येईना. लव्हिनिया रात्री गाडीखाली झोपून तारे मोजायची, हे बाई म्हणाल्या होत्या की मी? ज्याची खात्री नाही ते खोडायचं, असं ठरवलं.

२२ फेब्रुवारी, रविवार

एकशे बेचाळीस पानं तपासून झाली. स्वच्छ प्रत सव्वादोन पानं भरली.

शंतनू म्हणाला, "बाबा, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्ही काय मुद्दाम केलंत का?" तो खूप चांगला मुलगा आहे. लहानपणी पाढे चुकला तर मीही त्याला असंच म्हणत असे.

२९ फेब्रुवारी, रविवार

पुढच्या शनिवारी निघायचं. आज वॉल्टर येऊन गेला. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला, समोर रेणू, बाजूला मी. येताना त्याने छापखान्याचे तीन नमुने आणले होते, कापडी बांधणीचे, जाड. कुठला बरा, म्हणून मलाच विचारलं. आधी ऐका, म्हणालो.

रेणूने वाचलं. मी मराठीत लिहिलेलं इथे उतरवून ठेवतो.

'लव्हिनिया एकोणीस वर्षांची असताना मिसूरीहून निघाली. साल १८५२. नवरा बरोबर होता. मुलगी आठ महिन्यांची होती. एका नदीला पाणी फार होतं. चार दिवस काठावर थांबले. तिसऱ्या दिवशी मुलगी जुलाबाने गेली. पाचव्या दिवशी पार झाले.'

वॉल्टर खुर्चीत पुढे सरकला. लव्हिनियाला पुढे सहा मुलं झाली, चार जगली, हे वाचताना त्याने बोटांवर मोजलं. इथे आल्यावर पहिला हिवाळा झाडाच्या पोकळ बुंध्यात काढला, हे ऐकून तो हसला. "हे आत्या सांगायची!" म्हणाला. "अगदी असंच सांगायची."

दुसरं पान संपलं. रेणूने तिसरं उचललं, माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

'लव्हिनिया वारली तेव्हा तिला याच जमिनीत पुरलं. ती जागा एडनाने मला पावलं मोजून सांगितली. मी ती लिहून घेतली नाही. एडनाने विचारलं, आकडे आले ना, तेव्हा मी हो म्हणालो. आजारपणात तिने तेच आकडे मला बोटाने तीनदा सांगितले. मी मोजले नाहीत.'

बाहेर एक डंपर मागे येत होता. रविवारीसुद्धा.

वॉल्टर माझ्याकडे बघत नव्हता. तो रेणूच्या हातातल्या कागदाकडे बघत होता, दोन्ही पंजे टेबलावर पसरून. तो कागद त्याच्या बाजूने पातळ दिसत असणार.

"गो ऑन," तो म्हणाला. "पुढे वाचा."

रेणूने पान उलटं करून त्याला दाखवलं. मागे कोरं होतं.